एसी हायवेवर थंड, सिग्नलला गरम : कंडेन्सरचा पंखा घरी कसा तपासायचा?

पाऊलवाट

मार्च लागला की गाडीच्या एसीबद्दल एकच तक्रार सगळीकडून ऐकू येते. गाडी पळत असताना गारवा उत्तम, पण सिग्नलला किंवा टोलनाक्याच्या रांगेत थोडा वेळ उभी राहिली की व्हेंटमधून कोमट हवा. पुन्हा पळू लागली की पुन्हा गार. आणि यावर बहुतेक ठिकाणी मिळणारं उत्तरही एकच : गॅस कमी झालाय, भरून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. या लक्षणांवर गॅस भरणं हा पहिला उपाय असूच नये. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमधून उष्णता बाहेर टाकायला हवा लागते. गाडी ६०-७० च्या वेगात असेल तर ती आपसूक मिळते. उभ्या गाडीला ती फक्त पंखा देतो. पंखा बंद असेल तर कंडेन्सरमधला दाब चढत जातो, एका मर्यादेला प्रेशर स्विच कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) बंद करतो आणि आत नुसता वारा येत राहतो. अशा गाडीत वरून गॅस भरला की दाब आणखी चढणार.

चर्चेसाठी नेहमीची छोटी हॅचबॅक धरू. पेट्रोल इंजिन आडवं बसवलेलं, रेडिएटरच्या मागे एकच इलेक्ट्रिक पंखा, तोच रेडिएटरला आणि तोच एसीला. दोन स्पीड. गॅस आर-१३४ए.

प्रश्न असा : गेज (गॅसचा दाब दाखवणारा काटा) न जोडता, मल्टीमीटर आणि टेस्ट लॅम्प एवढ्याच सामानावर घरी किती खात्रीने निदान करता येईल? आणि कुठे थांबून एसीवाल्याकडे जावं?

चिंचपाणी

छान विषय. सुरुवातीलाच एक फरक सांगून ठेवते, कारण गॅरेजात तक्रार सांगताना इथे बराच गोंधळ होतो. डॅशबोर्डवरच्या बटणाने कमी-जास्त होतो तो ब्लोअर, तो केबिनमध्ये हवा फेकतो. हा धागा बॉनेटखालच्या पंख्याचा आहे. ‘एसीचा फॅन चालत नाही’ एवढंच सांगितलं तर कुणी डॅशबोर्ड उघडायला घेईल. ‘कंडेन्सर फॅन’ किंवा ‘रेडिएटर फॅन’ असं नाव घेऊन सांगावं.

तारजोड

वायरिंगच्या बाजूने लिहितो. आधी सुरक्षितता. हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो काही मिनिटं चालतो, आणि तो दोष नसतो. पात्यांना हात लावायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. ओढणी, सैल बाही, गळ्यातला गमछा लांब ठेवा.

आता क्रम.

इंजिन सुरू करा, एसी ऑन, ब्लोअर पूर्ण, तापमान सगळ्यात थंडावर. बॉनेट उघडून पाहा. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनशी जोडणारा) ‘टक’ करून बसला की लगेच पंखा फिरतो. काहींत दाब थोडा चढल्यावर फिरतो, म्हणून दोनतीन मिनिटं थांबा. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे : क्लच बसलाच नाही तर पंखाही सुरू होणार नाही, आणि मग दोष पंख्याचा नसून कॉम्प्रेसरला परवानगी न मिळण्याचा असू शकतो. ज्या गाड्यांत क्लच नसलेला व्हेरिएबल कॉम्प्रेसर असतो तिथे ‘टक’ ऐकू येणार नाही, त्यांना हा निकष लावू नका.

क्लच बसला पण पंखा नाही, तर फ्यूज. इंजिनजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये, झाकणाच्या आतल्या आकृतीवर खूण असते. रेटिंग बहुधा ३० किंवा ४० अँपिअर. फ्यूज उपटून डोळ्यांनी बघण्यापेक्षा जागेवरच दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज शाबूत. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही.

मग रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, ३० वर बॅटरीचा करंट, ८७ मोटरकडे. त्याच बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, हॉर्नचा वगैरे, तर अदलाबदल करून पाहा. नुसता आकार सारखा असून भागत नाही, वर छापलेला नंबर आणि पिनांची मांडणी सारखी हवी. कॉइल मीटरवर साधारण ६० ते १२० ओहमच्या दरम्यान दाखवते. अनंत दाखवली तर कॉइल तुटलेली.

तरीही नाही चालला तर रिले काढा आणि सॉकेटच्या ३० व ८७ मध्ये फ्यूज लावलेल्या जाड वायरने जोड द्या. ही सगळ्यात बोलकी तपासणी आहे. पंखा फिरला, तर मोटर, तिची वायर आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडची जोड) तिन्ही ठीक, दोष कॉइलच्या बाजूला : ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), प्रेशर स्विच, सेन्सर किंवा त्यांच्या वायरी. नाही फिरला, तर दोष रिलेच्या पुढे मोटरकडे. एका वायरने अर्धी गाडी संशयातून बाहेर निघते.

गारठा

@पाऊलवाट, मूळ मुद्दा पटला, पण ‘गॅस कमी असेल तर हायवेवरही गार होणार नाही’ असा अर्थ कुणी त्यातून काढू नये. गॅस थोडा कमी असेल तर तोही आधी उभ्या गाडीतच जाणवतो, कारण आयडलला (उभ्या गाडीत इंजिन किमान वेगाने फिरताना) कॉम्प्रेसर हळू फिरतो. म्हणजे लक्षण एकच, कारणं दोन.

वेगळं करायची युक्ती सोपी. गाडी उभी ठेवून इंजिन १५०० आरपीएमला धरा आणि व्हेंटमध्ये थर्मामीटर ठेवा. आरपीएम वाढवल्यावर हवा गार झाली, तर गॅस कमी किंवा कॉम्प्रेसर थकलेला. आरपीएम वाढवल्यावर गारवा तसाच राहिला, उलट कमी झाला, किंवा क्लच वरचेवर सुटू-बसू लागला, तर कंडेन्सरला हवा मिळत नाही. कॉम्प्रेसर जास्त गॅस ढकलतोय आणि उष्णता निघायला वाट नाही.

दुसरी तपासणी पाण्याची. गाडी आयडलला, एसी चालू, ग्रिलमधून कंडेन्सरवर स्प्रे बाटलीने किंवा पाइपच्या हलक्या धारेने पाणी मारा. एकदोन मिनिटांत व्हेंटची हवा स्पष्ट गार झाली तर गॅस आणि कॉम्प्रेसर काम करताहेत, कमी पडतेय ती हवाच. फ्यूज बॉक्स आणि कपलरवर (वायरींच्या जोडावर) पाणी जाऊ देऊ नका.

रानमेवा

१५०० आरपीएमची कसोटी अगदी योग्य. वाचनखूण साठवली.

सातमाळा

पाऊलवाट यांनी दाबाचा विषय काढलाच आहे तर आकडे देतो. गेज घरी नसेल, पण एसीवाला गेज लावतो तेव्हा आपल्याला काटा वाचता आला पाहिजे.

आर-१३४ए च्या बाबतीत ढोबळ हिशोब असा : पंखा आणि कंडेन्सर ठीक असतील तर कंडेन्सरमध्ये गॅस बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० अंश वर द्रवरूप होतो. बाहेर ३० अंश असेल तर आत ५०, म्हणजे हाय साइडला (कॉम्प्रेसरच्या पुढच्या, जास्त दाबाच्या बाजूला) सुमारे १७५ पीएसआय. बाहेर ३५ असेल तर २०० च्या आसपास. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला ४५ अंश असेल तर ६५ अंशांवर, म्हणजे २६० च्या आसपास. तोच २६० चा काटा पुण्यात ३२ अंशांच्या सकाळी दिसला तर काहीतरी चुकतंय. त्यामुळे ‘हाय साइड २५० म्हणजे गॅस जास्त’ असं सरसकट म्हणणाऱ्याला बाहेरचं तापमान किती आहे ते आधी विचारावं.

पंखा बंद असेल तर हाच काटा मिनिटागणिक चढतो आणि ३०० च्या पुढे जातो. ग्रिलसमोर घरातला मोठा टेबल फॅन लावला आणि काटा झपाट्याने खाली आला, तर निदान पक्कं.

नेहमीच्या तीन टप्प्यांच्या प्रेशर स्विचचं काम असं : साधारण २ बारच्या (१ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) खाली दाब गेला तर कॉम्प्रेसर बंद, म्हणजे गॅस गळाला असताना तो कोरडा फिरू नये. ३० बारच्या आसपास वर गेला तरी बंद. आणि मधला, १५ बारच्या सुमारास, पंख्याला मोठा स्पीड द्यायला सांगणारा. हा मधला संपर्क गेला तर पंखा लहान स्पीडवरच अडकून राहतो. सकाळी एसी ठीक, दुपारी दोनला नाही, असं होतं ते यामुळेही.

इंजिन बंद ठेवून तासाभराने दोन्ही गेज सारखेच दाखवतात. ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय, ३५ ला सुमारे ११४. मात्र या आकड्यावरून गॅस ‘पुरेसा’ आहे असं ठरवू नका. पाइपांत द्रवाचा थोडा जरी अंश शिल्लक असेल तरी दाब तोच राहतो. फारच कमी दाखवला तर गळती आहे, एवढंच त्यातून कळतं.

कोकणकडा

मुंबई-रत्नागिरीकडच्यांसाठी एक पुरवणी. तापमान ३३ असलं तरी दमट हवेतलं पाणी इव्हॅपोरेटरवर (केबिनची हवा गार करणाऱ्या जाळीवर) साचताना जी उष्णता सोडतं तीही कंडेन्सरलाच बाहेर टाकावी लागते. त्यामुळे कोरड्या ३८ अंशांत निभावणारा अर्धमेला पंखा दमट ३३ अंशांत उघडा पडतो. रिसर्क्युलेशनचं बटण दाबून ठेवल्यावर फरक पडत असेल तर हे ध्यानात घ्या.

तारजोड

वर मी रिलेपर्यंत आलो होतो. आता ३० आणि ८७ जोडूनही पंखा फिरला नाही तर काय, ते लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे उगाच जातात. थेट नवी मोटर सांगितली जाते.

मोटरचा कपलर काढा. गाडीकडच्या बाजूला १२ व्होल्ट येतात का पाहा, पण नुसत्या मल्टीमीटरवर विसंबू नका. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ दाखवेल, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. त्याऐवजी हेडलाइटचा जुना ५५ वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि कपलरवर लावा. तो चार-साडेचार अँपिअर घेतो. बल्ब लख्ख पेटला तर पुरवठा चांगला, मिणमिणला तर वाटेत कुठेतरी रोध आहे.

मोटर तपासायची तर बॅटरीवरून ३० अँपिअरचा फ्यूज लावलेल्या जाड वायरीने तिला थेट करंट द्या. प्लस-मायनस नीट पाहून. फिरली नाही आणि पात्याला काठीने हलका धक्का दिल्यावर फिरली, तर कार्बन (मोटरच्या आतले ब्रश) घासलेले आहेत. अशी मोटर आज चालेल, उद्या भर दुपारी थांबेल. पात्यांना वर-खाली खेळ असेल किंवा हाताने फिरवताना खरखर लागत असेल तर बुश किंवा बेअरिंग गेलेलं.

मोटर फिरते पण हळू फिरते असं वाटलं तर पंखा चालू असताना व्होल्टेज ड्रॉप मोजा. मीटर २० व्होल्ट डीसीवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं मोटरच्या काळ्या वायरीवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब. तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या पॉझिटिव्हपर्यंत ०.५ च्या आत हवं. गंजलेल्या अर्थच्या जोडात फक्त ०.१ ओहम रोध असला तरी १२ अँपिअरला १.२ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात, आणि १४ वॉटहून जास्त उष्णता त्या एका थिंबलमध्ये तयार होते. कपलरचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळतं ते यामुळे.

खडकमाळ

तारजोड भाऊ, सविस्तर लिहिलंत. एक भर घालतो : करंटही मोजा. साध्या क्लॅम्प मीटरवर फक्त घरातल्या विजेसारखा एसी (अल्टरनेटिंग) करंट मोजता येतो, डीसी मोजणारा क्लॅम्प लागतो. छोट्या गाडीची १२० वॉटची मोटर १३.५ व्होल्टला सुमारे ९ अँपिअर घेते. सुरू होताना क्षणभर दोन-तीनपट जाते, ते चालतं. पण स्थिर झाल्यावर त्याच मोटरने १८-२० घेतले तर ती जड झाली आहे. तीच रिलेचे संपर्क जाळते. नुसता रिले बदलला की काही आठवड्यांनी पुन्हा तेच. रिले जळालेला मिळाला तर मोटरचा करंट मोजल्याशिवाय नवा रिले बसवू नये.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोटरचा कपलर काढून नवा फ्यूज लावा. तरीही उडला तर वायर कुठेतरी बॉडीला घासतेय. नाही उडला तर मोटर. ३० च्या जागी ४० चा फ्यूज घालणं हा उपाय नव्हे. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

चिंचपाणी

वायरीवरून आठवलं, पावसाळ्यानंतर उंदीर तपासा. आडोशाला गाडी उभी राहिली की फॅनचं हार्नेस त्यांना सहज सापडतं. कुरतडलेली वायर टेपने गुंडाळू नका. नवा तुकडा सोल्डर करून किंवा क्रिंप करून वर हीट श्रिंक चढवा. रेडिएटरजवळची टेप उष्णतेने सुटते.

देवराई

दोन पंखे असलेल्या गाड्यांबद्दल कुणी लिहिलेलं नाही, आणि तिथला दोष फसवा असतो.

काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा वेगळा आणि कंडेन्सरचा वेगळा असतो, दोघांना स्वतंत्र रिले. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत अशी मांडणी सापडते. तिथे एसी चालू केल्यावर सहसा दोन्ही फिरतात. एकच फिरला तर दोष सरळ दिसतो.

पण काही गाड्यांत लहान स्पीडला दोन्ही मोटरी सिरीजमध्ये जोडतात, प्रत्येकीला सहा-सात व्होल्ट. मोठ्या स्पीडला रिले जोडणी बदलतो आणि दोघींना पूर्ण १२-१३ व्होल्ट मिळतात. आता यातली एक मोटर आतून तुटली तर लहान स्पीडला दोन्ही पंखे बंद. लोक समजतात, दोन्ही एकदम बंद म्हणजे ईसीयू गेला. मोठ्या स्पीडला मात्र चांगली मोटर एकटीच फिरते, आणि तीच खूण आहे. इंजिन गरम झाल्यावर एकच पंखा जोरात आणि एसीला दोन्ही बंद, असं दिसलं की जो फिरत नाही त्याची मोटर आधी तपासा.

गारठा

@देवराई, फार उपयुक्त. एकच पंखा, दोन स्पीड असलेल्या गाडीतला यासारखाच दोष म्हणजे रेझिस्टर. लहान स्पीडचा करंट शेवडावर, म्हणजे पंख्याच्या प्लास्टिक चौकटीवर, बसवलेल्या रेझिस्टरमधून जातो. तो तापतो, त्याला गारवा पंख्याच्याच हवेचा. पंखा जड झाला की रेझिस्टर तापून तुटतो. मग लहान स्पीड गायब, मोठा शाबूत. एसी लावला तर पंखा नाही, दाब किंवा इंजिनचं तापमान चढलं की एकदम पूर्ण वेगाने घोंघावतो, उतरलं की पुन्हा बंद. केबिनमध्ये गार-कोमट-गार असा झोका जाणवतो. कपलर काढून रेझिस्टर मीटरवर बघा : चांगला असेल तर एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी, गेलेला असेल तर अनंत.

भवताल

नवीन गाड्यांचं काय? माझ्या माहितीप्रमाणे त्यांत रिले नसतोच.

तारजोड

@भवताल, बरोबर. त्यांत पंख्यावरच कंट्रोल मॉड्यूल असतो. दोन जाड वायरी, प्लस आणि अर्थ, आणि एक किंवा दोन बारीक वायरी. बारीक वायरीतून ईसीयू पल्स पाठवतो, त्यांच्या रुंदीवर वेग ठरतो. इथे ३०-८७ ची युक्ती चालत नाही, आणि बारीक वायरीला १२ व्होल्ट किंवा टेस्ट लॅम्प लावू नका, ईसीयूचं नुकसान होऊ शकतं. जाड वायरींवर बल्ब लावून पुरवठा तपासा, तो चांगला असेल तर स्कॅनर (ईसीयूतले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. बऱ्याच रचनांत सिग्नलची वायर तुटली तर मॉड्यूल सुरक्षिततेसाठी पंखा पूर्ण वेगाने फिरवतो. त्यामुळे थंड इंजिनला किल्ली फिरवताच पंखा गर्जत असेल तर बिघाड उलट्या बाजूचा समजा : सिग्नल हरवला आहे.

सातमाळा

स्कॅनरचा विषय निघाला म्हणून कोड लिहून ठेवतो. पी०४८० आणि पी०४८१ म्हणजे पहिल्या व दुसऱ्या पंख्याच्या नियंत्रणाचं सर्किट. पी०५३२ आणि पी०५३३ म्हणजे एसी प्रेशर सेन्सरचा सिग्नल खूप कमी किंवा खूप जास्त. पी०११७ आणि पी०११८ हे कूलंट तापमान सेन्सरचे. कोड सर्किट सांगतो, पार्ट सांगत नाही. पी०४८० आला म्हणून मोटर बदलायची नसते, रिलेची कॉइल तुटली तरी हाच येतो.

साध्या ओबीडी डोंगलवर (गाडीच्या सॉकेटला लावायच्या छोट्या स्कॅनरवर) काही गाड्यांत एसी प्रेशर थेट दिसतो. दिसत असेल तर गेजचं निम्मं काम झालं. दाब चढतोय, ईसीयू ‘फॅन ऑन’ म्हणतोय आणि पंखा उभा, तर शोध रिले ते मोटर एवढाच उरतो.

डोंगल नसेल तर आणखी एक कसोटी : इंजिन थंड, किल्ली ऑन, कूलंट सेन्सरचा कपलर काढा. बऱ्याच गाड्यांत ईसीयू घाबरून पंखा पूर्ण वेगाने लावतो. लागला तर ईसीयूपासून मोटरपर्यंतची मोठ्या स्पीडची वाट चांगली आहे. चेक इंजिनचा दिवा लागेल, कोड नंतर पुसावा लागेल.

घाटवळण

इतकं सगळं करण्यापेक्षा सरळ फॅन डायरेक्ट करून टाकायचा. किल्ली ऑन की पंखा ऑन. टॅक्सीवाले वर्षानुवर्षं करतात आणि गाड्या चालतात.

खडकमाळ

@घाटवळण, रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यासाठी ठीक, कायमसाठी नको. दिवसभर फिरणाऱ्या मोटरचे कार्बन आणि बुश लवकर संपतात. पाच-सहा तास शहरात चालणाऱ्या गाडीत अल्टरनेटरवर ९-१० अँपिअरचा सततचा भार पडतो, शिवाय आयडलला तो आधीच कमी देतो. आणि डायरेक्ट करताना बहुधा मूळ फ्यूज वगळला जातो, बारीक वायर वापरली जाते. आग लागायची शक्यता तिथे आहे. करायचंच असेल तर बॅटरीजवळ ३० चा फ्यूज, जाड वायर आणि स्वतंत्र रिले, आणि त्या रिलेची कॉइल किल्लीच्या करंटवर. मूळ दोष सापडला की काढून टाका.

कोकणकडा

डायरेक्ट पंख्याचा आणखी एक धोका पावसाळ्यात. साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना पंखा फिरत असेल तर पाती पाणी कापायला जातात, वाकतात, प्रसंगी रेडिएटरला घासतात, मोटर अडकून फ्यूज जातो. पाण्यात शिरण्याआधी एसी बंद करायचा तो यासाठी. डायरेक्ट पंख्याला एसीच्या बटणाशी देणंघेणंच नसतं. जुलैमध्ये पाण्यातून गेलेल्या गाडीचा एसी ऑक्टोबरच्या उन्हात रुसला तर आधी मोटर हाताने फिरवून पाहा.

घाटवळण

पाण्याचा मुद्दा मान्य. फ्यूजसकट वेगळ्या रिलेची जोडणी तात्पुरती म्हणून ठीक वाटते.

देवराई

पंखा फिरतोय तरीही सिग्नलला गरम, अशा गाड्यांबद्दलही लिहायला हवं.

नवी मोटर बसवल्यावर दोष आला असेल तर दिशा तपासा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर त्याने पुढून हवा ओढली पाहिजे. ग्रिलच्या बाजूने कंडेन्सरसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा, तो चिकटून राहिला पाहिजे. उडून बाहेर आला तर प्लस-मायनस उलट लागले आहेत. उलटा पंखा रेडिएटरची गरम हवा कंडेन्सरवर फेकतो, आणि गाडी धावताना समोरून येणाऱ्या हवेशी झगडतो. कपलर बदलून वायरी जोडल्या असतील तिथे हे सर्रास होतं.

दिशा ठीक असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारा. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागच्या फटीत माती, किडे, कापूस यांचा पत्रा जमलेला असतो. उसाच्या आणि कापसाच्या भागांत फिरणाऱ्या गाड्यांत तर नक्की. पाणी इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने मारा. प्रेशर वॉशर जवळून मारला की पातळ पत्र्याच्या फिन्स झोपतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

शेवडाचा तुटलेला कोपरा आणि कंडेन्सरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्याही बघा. अपघातानंतरच्या दुरुस्तीत या पट्ट्या परत लावल्या जात नाहीत. मग पंखा कंडेन्सरमधून हवा ओढण्याऐवजी कडेने, बॉनेटखालची गरम हवाच पुन्हा ओढतो. गॅलरीच्या बंद कपाटात घरच्या एसीचं बाहेरचं युनिट कोंडल्यासारखं होतं ते.

मळवाट

बोलेरोसारख्या गाड्यांना हे लागू नाही ना? तिथे पंखा इंजिनवर असतो.

खडकमाळ

@मळवाट, तिथे व्हिस्कस कपलिंग असतं. आत सिलिकॉन तेल, पुढे तापमान ओळखणारी द्विधातूची पट्टी. रेडिएटरमागची हवा तापली की पट्टी वळते, तेल आत येतं आणि पंखा इंजिनला घट्ट धरतो. इंजिन चांगलं गरम करून बंद करा आणि हाताने पंखा फिरवा. जाणवण्याइतका विरोध लागला पाहिजे. मोकळा गरगर फिरत राहिला तर तेल गेलं. कपलिंगच्या मध्यापासून बाहेर पसरलेले तेलकट ओघळ दिसले तरी तेच. अशा काही गाड्यांत कंडेन्सरपुढे वेगळा इलेक्ट्रिक पंखाही असतो, त्याला वरची सगळी तपासणी लागू आहे.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार, विशेषतः १५०० आरपीएम, टेबल फॅन आणि हेडलाइट बल्बबद्दल. माझ्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. गेज न लावता पंखा, फ्यूज, रिले, मोटर, अर्थ आणि हवेची वाट एवढं घरी ठरवता येतं, यावर एकमत दिसतंय. मग एसीवाल्याकडे नेमकं कधी जायचं?

गारठा

तीन वेळा. एक, क्लच बसतच नाही आणि त्याचा फ्यूज-रिले चांगला आहे, म्हणजे गॅस गळाल्याची शंका. दोन, पंखा पूर्ण वेगाने फिरतोय, फटी स्वच्छ आहेत, तरी कंडेन्सरवर पाणी मारल्याशिवाय गार होत नाही, म्हणजे गॅस जास्त भरलेला, त्यात हवा शिरलेली किंवा कंडेन्सर आतून तुंबलेला. तीन, १५०० आरपीएमला सुधारतं पण आयडलला नाही. या तिन्हींत पाइपची टोपी उघडून गॅस सोडून बघणं वगैरे घरी करू नका. द्रवरूप गॅस डोळ्यांना आणि त्वचेला हिमदंश करतो.

आणि एसीवाल्याकडे गेल्यावर ‘गॅस भरा’ म्हणू नका. मशीनने जुना गॅस काढून वजन करायला सांगा, मग व्हॅक्यूम, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच. काट्याकडे बघून अंदाजाने भरलेला गॅसच बऱ्याच वेळा हाय साइडचा पुढचा त्रास असतो.

रानमेवा

एक प्रत्यक्ष प्रश्न. गाडी मूळ पोस्टमधल्यासारखीच, एक पंखा, दोन स्पीड. एसी लावला की क्लच बसतो, पंखा उभाच. आठ-दहा मिनिटांनी पंखा एकदम जोरात लागतो, अर्ध्या मिनिटात बंद. फ्यूज चांगले. ३०-८७ जोडल्यावर पूर्ण वेगाने फिरतो. रेझिस्टर समजू का?

तारजोड

@रानमेवा, बहुतेक तोच, पण तुम्ही जो रिले उपटलात तो मोठ्या स्पीडचा आहे. अशा गाडीत दोन रिले असतात. लहान स्पीडचा रिले शोधून त्याच्या ३० आणि ८७ ला जोड द्या. पंखा हळू फिरला तर रेझिस्टर चांगला आणि दोष त्या रिलेत किंवा त्याच्या कॉइलच्या वायरीत. अजिबात नाही फिरला तर रेझिस्टरचा कपलर काढून मीटर लावा. अनंत आला तर बदला. काही गाड्यांत तो सुटा मिळतो, काहींत चौकटीसकटच घ्यावा लागतो. सुटा घेतलात तर पंख्याच्या हवेच्या वाटेत, मूळ जागीच बसवा, बाजूला टांगू नका, तापून प्लास्टिक वितळेल. बसवण्याआधी खडकमाळ म्हणतात तसा मोटरचा करंट पूर्ण स्पीडला मोजा. आकडा इथे टाका, मग मोटर ठेवायची की तीही बदलायची ते सांगता येईल.

रानमेवा

लहान स्पीडच्या रिलेला जोड दिली, पंखा हलला नाही. रेझिस्टर मीटरवर अनंत. पूर्ण स्पीडला क्लॅम्पवर १७ अँपिअर, मोटरवर १२० वॉट लिहिलंय.

खडकमाळ

१७ म्हणजे जवळजवळ दुप्पट. रेझिस्टर त्या मोटरनेच जाळला. बॅटरी काढून पंखा हाताने फिरवा. एखादं पातं चौकटीला घासत असेल किंवा पात्यांत दोरी-चिंधी अडकली असेल तर ती काढून पुन्हा मोजा. मोकळा फिरत असूनही १७ येत असतील तर मोटर आणि रेझिस्टर दोन्ही एकदमच बदला. पाती जुनीच वापरणार असाल तर मधला नट सोडवताना जोर लावण्याआधी दिशा बघा, काही पंख्यांना उलटे आटे असतात. मोटर त्याच वॉटची घ्या, आणि जोडल्यावर ग्रिलसमोर कागद धरून दिशा तपासा.